पत्ता ७१३

‘९डी+व्ही’.

हा पासवर्ड नाही. एका यंत्राला दिलेला हा पूर्ण हुकूम आहे. ‘९’ म्हणजे रेंज तुझी तू ठरव. ‘डी’ म्हणजे उत्तर डीबीएममध्ये दे. ‘+’ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती धरू नकोस. ‘व्ही’ म्हणजे आकडा स्थिरावू दे आणि मोजत राहा. चार अक्षरांत सगळं सांगून झालं. ‘प्लीज’ला जागाच नव्हती.

हा हुकूम ज्याला कळायचा तो ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा ४३६ए पॉवर मीटर. साल १९७५. पॉवर मीटर म्हटल्यावर जिन्याखाली गरगरणारा विजेचा मीटर डोळ्यांसमोर आला असेल, तर तो नव्हे. रडार, उपग्रहाचा ट्रान्समीटर, मोबाइलचा टॉवर यांतून निघणाऱ्या रेडिओलहरींत ताकद किती, हे हा मीटर मोजतो. सेन्सर लहर गिळतो, त्यातून चिमूटभर व्होल्टेज तयार होतं आणि मीटर त्याचा आकडा करून दाखवतो. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. मोजमाप बरोबर आहे की नाही हे ताडायला मीटरच्या पोटातच ५० मेगाहर्ट्झचा, बरोबर एक मिलिवॉटचा संदर्भ दिलेला असतो.

त्याच १९७५ साली आणखी एक गोष्ट घडली. उपकरणं आणि संगणक एकमेकांना जोडायची एचपीची घरगुती पद्धत आयईईई ४८८ या नावाने प्रमाण ठरली. १६ तारांवर संकेत जायचे. आठ माहितीसाठी, बाकीच्या ‘ऐकतोयस का’, ‘ऐकलं’, ‘आता बोल’ असल्या शिस्तीसाठी. एका माळेत जास्तीत जास्त १५ उपकरणं आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. एचपीच्या पॉवर मीटरचा ठरलेला पत्ता होता १३. एचपीच्या बेसिक भाषेत जोडणीचा क्रमांक ७ आधी लागायचा, म्हणून हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये तो ‘आउटपुट ७१३’ असा दिसायचा.

प्रमाण आलं खरं, पण ते तारांपुरतं. वीज कशी वाहावी ते ठरलं, बोलावं काय ते ठरलंच नाही. टेलिफोन सगळीकडे पोचले आणि प्रत्येक घरात बोली वेगळी, असा प्रकार. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचंही जमेना. मीटरचं शून्य लावायला ४३६एला नुसतं ‘झेड’ म्हणायचं. पुढे १९८०च्या दशकात ४३७बी आला, त्याला ‘झेडई’ लागे. मग १९८७ साली आयईईई ४८८.२ने व्याकरण घालून दिलं आणि १९९० साली स्किपी ही सामायिक भाषा ठरली. तिच्यात हेच काम ‘कॅल-झीरो-ऑटो-वन्स’ होतं. वाचायला सोपं, शिकायला सोपं. पण एव्हाना पंधरा वर्षांचे प्रोग्रॅम लिहून झाले होते.

मीटर जुना होतो, सुटे भाग मिळेनासे होतात, एक दिवस तो भंगारात जातो. प्रोग्रॅम मात्र तसा जात नाही. रडार तीस-तीस वर्षं सेवेत राहतं. त्याची चाचणी कोणत्या क्रमाने, कोणत्या मर्यादांत घ्यायची, हे एकदा तपासून मंजूर झालेलं असतं. त्यातली एक ओळ बदलली तर सगळी चाचणी पुन्हा सिद्ध करा, पुन्हा सह्या घ्या. ती ओळ लिहिणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो. नवा मीटर विकत घेणं त्यापुढे स्वस्त. अट एकच : माळेत बसल्यावर त्याने नवा असल्याचं कळू द्यायचं नाही.

म्हणून १९९०च्या दशकात आलेल्या ई४४१८ मीटरमध्ये भाषा निवडायची सोय दिली : स्किपी, ४३७बी किंवा ४३६ए. आपल्याकडचा बहुरूपी जसा पोलिसाचा वेश घालून दारात उभा राहतो, तसा हा मीटर ४३६एचा अवतार घेऊन १३ नंबरच्या दारात उभा. ‘९डी+व्ही’ ऐकलं की मान डोलवायची. उत्तरही जुन्याच वळणाचं द्यायचं : ओळ संपवणाऱ्या दोन खुणा धरून नेमकी १४ अक्षरं. पहिलं अक्षर स्थिती सांगतं, दुसरं रेंज, तिसरं पद्धत, मग चिन्ह, मग चार आकडे, मग घातांक. कारण पलीकडचा प्रोग्रॅम अक्षरं मोजून, कात्रीने कापावं तशी ती ओळ कापतो. एक अक्षर इकडेतिकडे झालं की आकडाच चुकणार.

संगणकाच्या जगाला हे सोंग नवं नव्हतं. १९६४ साली आयबीएमने सिस्टम/३६० आणला, तेव्हा त्यातल्या काही मॉडेलांना जुन्या १४०१चे प्रोग्रॅम चालवता येत होते, आणि त्यामुळेच अनेक गिऱ्हाइकं टिकली. पण संगणक आकड्यांशी खेळतो. मीटरचा हात खऱ्या जगाला लागलेला असतो, आणि सोंगाचा कस तिथे लागतो. ४३६एवर सेन्सरची दुरुस्ती हाताने फिरवायच्या खटक्यावर होती. ‘-’ पाठवलं की मीटर म्हणे, समोरच्या माणसाने खटका जिथे ठेवलाय तो आकडा धरतो. म्हणजे त्या हुकुमाचा अर्धा भाग तारेतून यायचा आणि अर्धा कुणाच्या तरी बोटांतून. नव्या मीटरला तो खटकाच नाही. शिवाय जुना मीटर सर्वांत खालच्या रेंजमध्ये स्थिरावायला काही सेकंद घ्यायचा; प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तेवढं थांबणं आत लिहून ठेवलेलं. आता यंत्र चटपटीत, तरी प्रोग्रॅम थांबायचा तेवढा थांबतोच.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती नावाची. ४३६एला ‘तू कोण’ असं तारेवरून विचारायची सोयच नव्हती. तो प्रश्न प्रमाणात आला १९८७ साली. त्यानंतर मात्र प्रोग्रॅम आधी नाव विचारू लागले आणि नाव जुळलं तरच पुढे जाऊ लागले. मग १९९९ साली एचपीचा हा व्यवसाय ॲजिलंट झाला, २०१४ साली कीसाइट. यंत्र तेच, कारखाना तोच, आणि उत्तरात पाटी वेगळी आली म्हणून प्रोग्रॅम अडून बसणार. त्यामुळे कीसाइटच्या काही उपकरणांत आणखी एक हुकूम आहे. तो दिला की यंत्र ‘तू कोण’ला पुन्हा ‘ॲजिलंट टेक्नॉलॉजीज’ असं उत्तर देतं.