बिबा

बिबा (भिलावा, भेलवा, सं. भल्लातक, लॅ. सेमेकार्पस ॲनाकार्डियम, कुल–ॲनाकार्डिएसी). आंबा, काजू व चारोळी यांच्या कुलातील मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष. भंडारा जिल्ह्यातील जंगलांत तो येन, धावडा, मोह, तेंदू यांच्या सोबतीने वाढतो. पाने मोठी, चिवट, फांद्यांच्या टोकाशी दाटलेली. फुले लहान, हिरवट पांढरी. फळे हिवाळ्यात पिकतात.

फळाचे दोन भाग असतात. देठाकडे केशरी, मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळा, चकचकीत, सुमारे अडीच सेंमी. लांबीचा बिबा. बोंड म्हणजे काजूप्रमाणेच फुगलेला देठ. ते भाजून किंवा वाळवून खातात. बिब्याच्या सालीत मात्र दाट, काळपट तेल असते. त्यातील भिलावनॉलमुळे कातडीवर फोड येतात, सूज चढते. यालाच बिबा उतणे म्हणतात. त्यावर घरोघरी खोबरेल तेल लावतात. सालीच्या आत पांढरी, गोड गोडंबी असते. एकाच फळात खाऊ आणि विष इतके शेजारी असणे दुर्मीळच.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात भल्लातकाचे दूध, मध, तेल इत्यादींसह दहा प्रयोग सांगितले आहेत. कफविकारांत त्याचे महत्त्व विशेष मानले आहे. संजीवनी वटीतही तो पडतो. वापरण्यापूर्वी बिब्याची टोके कापून तो विटेच्या चुऱ्यात घोळतात, चुऱ्याने तेल शोषले की गरम पाण्याने धुतात. औषध नियम, 1945 मधील विषारी आयुर्वेदीय द्रव्यांच्या यादीत त्याचा समावेश असल्याने पोटात घेण्याच्या ज्या औषधात तो आहे त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. तरीही खोकल्यासाठी दाभणाला टोचलेला बिबा दिव्यावर धरून तेलाचे थेंब दुधात पाडण्याचा घरगुती प्रघात आहे. वैद्याच्या सल्ल्यावाचून तो करू नये, मुलांवर तर मुळीच नाही. टाचेच्या भेगांत बिबा भरण्याची रीतही तितकीच जुनी.

कच्च्या फळाचा रस चुन्यात मिसळला की न धुतली जाणारी काळी शाई होते. धोबी कपड्यांवर खुणा करीत ते तिनेच. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीसोबत बिबा ओवतात. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला भेलव्याची डहाळी धानाच्या शेतात खोवतात.

डिंकाच्या लाडवात पडणारी गोडंबी विदर्भात मुख्यत्वे बायकाच काढतात. वाळलेला बिबा दगडावर ठेवून एकेक फोडावा लागतो, आणि प्रत्येक घावाला तेलाचे शिंतोडे उडतात. बोटे काळी पडतात, हाता-तोंडावर फोड उठतात. बाजारातल्या गोडंबीच्या भावात या इजेची भरपाई धरलेली नसते. ती धरली पाहिजे.