हाली रुपयाची शिरगणती

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. या भागाला बाजारपेठा दोन. पूर्वेकडे लातूर, ते संस्थानातच. नैर्ऋत्येला बार्शी, ती मात्र इंग्रजी अमलाखालच्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली, तेव्हापासून या दोन पेठा एका अरुंद रुळाने जोडल्या गेल्या. पैसा मात्र जोडला गेला नाही. लातुरात निजामाचा हाली रुपया चालायचा आणि बार्शीत इंग्रजांचा कलदार. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, आणि वाण्याच्या वहीत 'हाली' की 'कलदार' हे लिहिल्याशिवाय रकमेला अर्थ नसायचा.

शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा सरकारी भाव. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे सरळ हिशोब आहे: सहा कलदार म्हणजे सात हाली. हा भाव कुणाच्या मर्जीने ठरलेला नव्हता, तो थेट चांदीत सापडतो. हाली रुपयाचं वजन 11.178 ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा 81.8. कलदार 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा 91.67. म्हणजे एका हाली रुपयात 9.14 ग्रॅम शुद्ध चांदी आणि एका कलदारात 10.69. सात हाली एका पारड्यात आणि सहा कलदार दुसऱ्यात टाकले, तर दोन्हीकडे चौसष्ट ग्रॅमच्या आसपास चांदी भरते. सरकारी भाव माहीत नसलेला सराफसुद्धा तराजूवर याच हिशोबाला पोचला असता.

हा रुपया दिसायलाही देखणा. 1903-04 च्या सुमारास हैदराबादच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेली नवी नाणी आली आणि त्यांवर चारमिनार आला. मधल्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचं पहिलं अक्षर: मीर महबूब अली खान यांच्यासाठी मीम, आणि 1911 मध्ये ते वारल्यावर मीर उस्मान अली खान यांच्यासाठी ऐन. उस्मान अलींच्या अगदी पहिल्या नाण्यांत ऐनचा फक्त तोंडाचा भाग आहे, पूर्ण अक्षर पुढच्या नाण्यांत आलं. वरच्या बाजूला 92 हा आकडा दिसतो. अरबी अक्षरांच्या किमती जोडल्या की 'मुहम्मद' या नावाची बेरीज तेवढी होते. नाणं वापरणाऱ्या शेतकऱ्याला यातलं काही वाचता येत नसे. पण चारमिनार ओळखू यायचा, आणि तेवढं पुरायचं.

आज संग्राहक या नाण्यांकडे पाहतो तो दुसऱ्याच आकड्यांतून. अशा प्रतीची किती नाणी जगात नोंदली गेली आहेत, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

हा प्रश्न अमेरिकेतून आला. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये जुन्या अमेरिकन सेंटवरच्या पुस्तकात नाण्याची प्रत 1 ते 70 आकड्यांत मांडली. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. नाणं तपासायचं, प्रत ठरवायची आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून वर क्रमांक चिकटवायचा, हे त्यांचं काम. 1991 मध्ये पीएसए या कंपनीने तीच पद्धत खेळाडूंच्या चित्रकार्डांना लावली, फक्त मोजपट्टी दहाची केली. कागदी नोटांसाठी पीएमजी 2005 मध्ये आली. प्रत्येक कंपनी तिच्याकडे आलेल्या वस्तूंचा तक्ता ठेवते: कोणतं कार्ड किंवा नाणं, कोणत्या प्रतीचे किती नग. यालाच पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात, संग्राहकांच्या तोंडी नुसतं 'पॉप'.

या तक्त्याचं वजन किती, ते बास्केटबॉलच्या एका कार्डावरून कळतं. 1986 च्या फ्लीअर मालिकेतलं मायकेल जॉर्डनचं कार्ड. पीएसएने 10 ची प्रत दिलेले त्याचे नग तीनशेहून थोडे जास्त. जानेवारी 2021 मध्ये अशी दोन कार्डं प्रत्येकी 7 लाख 38 हजार डॉलरला गेली. टाळेबंदीच्या काळात लोकांनी पेट्या उपसून इतकी कार्डं तपासायला पाठवली, की त्याच वर्षीच्या मार्चअखेर पीएसएला बहुतेक नवी कामं घेणं थांबवावं लागलं. पुढे त्या जॉर्डनचा भाव दोन लाख डॉलरांखाली आला. नग फारसे वाढले नव्हते, उतरली होती ती हौस.

म्हणून जाणते संग्राहक एका दिवसाच्या आकड्यावर विसंबत नाहीत. छोटी आज्ञावली लिहून किंवा साध्या स्प्रेडशीटवर ते हा तक्ता ठरावीक दिवसांनी उतरवून ठेवतात: वस्तू, प्रत, नग, तारीख. मग मागचा तक्ता आणि आजचा तक्ता यांची वजाबाकी. एखाद्या प्रतीत अचानक वीस नग वाढले, तर कुठेतरी मोठा साठा बाहेर पडला आहे असं समजायचं. फसगत मात्र इथेच होते. 9 ची प्रत मिळालेला माणूस डबी फोडतो आणि 10 मिळेल या आशेने तीच वस्तू पुन्हा पाठवतो. जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही, तर एकाच कार्डाची दोन डोकी मोजली जातात. कार्डांना आणि नाण्यांना स्वतःचा क्रमांक नसल्याने ही दुहेरी मोजणी पकडणं फार अवघड आहे.

नोटांचं तसं नाही. प्रत्येक नोटेवर अनुक्रमांक असतो, आणि हैदराबादच्या नोटांची खरी शिरगणती त्यामुळेच शक्य आहे.

संस्थानांनी स्वतःच्या कागदी नोटा काढाव्यात हे इंग्रजांना पसंत नव्हतं. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, निजामाने युद्धाला मोठी मदत केली, आणि 1918 मध्ये हैदराबादला परवानगी मिळाली. आधी दहा आणि शंभरच्या नोटा आल्या, 1919 मध्ये एक आणि पाचच्या, 1926 मध्ये हजाराची. उर्दू आणि इंग्रजीसोबत मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत छापलेली असे. ज्याला उर्दू येत नव्हतं त्याला निदान नोटेवर आपली लिपी भेटायची.

सुरुवातीच्या नोटा लंडनला वॉटरलो कंपनीत छापल्या जात आणि बोटीने मुंबईला येत. मुंबईला निघालेल्या 'इजिप्त' या बोटीची 20 मे 1922 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात 'सेन' नावाच्या फ्रेंच बोटीशी टक्कर झाली आणि ती वीसेक मिनिटांत बुडाली. तिच्या पोटात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं. निजामासाठी छापलेल्या, अजून सही न झालेल्या नोटांचे गठ्ठेही होते. 'आर्तिल्यो' या बोटीवरच्या इटालियन पाणबुड्यांनी 1930 मध्ये ती शोधली. त्याच वर्षी दुसऱ्या एका बुडालेल्या बोटीतला दारूगोळा उडवताना त्यांची स्वतःची बोट बहुतेक माणसांसकट उद्ध्वस्त झाली. तरी दुसरी बोट घेऊन 1932 मध्ये त्यांनी सव्वाशे मीटर खोलीवरून सोनं वर काढलंच. बोटीवरच्या यारीच्या जबड्यात सोन्याआधी आल्या त्या निजामाच्या भिजलेल्या नोटा. चलन म्हणून त्यांची किंमत शून्य होती. आज जपून ठेवल्या जातात त्या याच.

नाशिकला 1928 मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे हैदराबादच्या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. या नोटांवर अर्थमंत्र्यांच्या सह्या आहेत, आणि सह्यांप्रमाणे किंमत बदलते. त्यांतले गुलाम मुहम्मद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. झाहिद हुसेन तिथल्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर झाले. शेवटच्या नोटांवर डॉ. जी. एस. मेलकोटे यांची सही आहे, म्हणजे निजामाविरुद्ध लढलेल्या माणसाची. राज्य बदलल्याची इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कुठल्या कागदावर क्वचितच मिळेल. लिलावांच्या याद्यांमध्ये नोटेचा फोटो असतो, त्यातून अनुक्रमांक टिपता येतो. क्रमांक, सही, प्रत, विक्रीची तारीख एवढं नोंदत गेलं, की तीच नोट तीनदा विकली गेली तरी यादीत एकदाच राहते. कंपनीच्या तक्त्यापेक्षा ही यादी जास्त खरी असते.

नाण्यांच्या तक्त्यात मात्र मराठवाडा जवळपास नाहीच.

याचं एक कारण घराघरांतल्या देव्हाऱ्यात आहे. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये निघतात. आदल्या दिवशी चिंचेच्या कोळाने किंवा रांगोळीने घासून लख्ख केले जातात, मग ताटात मांडून हळद-कुंकू लागतं. पन्नास-साठ दिवाळ्या असं झालं, की चारमिनारचे मिनार गुळगुळीत होतात आणि कमानीतला ऐन भिंगाखाली शोधावा लागतो. अमेरिकेतली कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही, लेबलवर 'साफ केलेलं' असा शेरा येतो. बंजारा बायांच्या गळ्यातल्या माळेतल्या रुपयाला कडी झाळलेली असते, त्यावर 'कडी काढलेली' असा शेरा. ज्या भक्तीने आणि हौसेने हे रुपये टिकले, तिलाच तिथे दोष मानतात. मोजपट्टी तिच्या जागी ठीक आहे, पण ती मराठवाड्याच्या घरांसाठी बनलेली नाही.

दुसरं कारण कायद्यात आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. महबूब अलींचे सगळे चारमिनार रुपये आणि उस्मान अलींची सुरुवातीची सालं या मर्यादेत कधीच गेली, आणि दरवर्षी आणखी एक साल जातं. त्यामुळे अमेरिकेतल्या तक्त्यात 'फक्त चार नग' दिसले, तरी ते फार तर तिथल्या टेबलापर्यंत पोचलेले चार असतात.

आणि कुठल्याच तक्त्यात गावाचा रकाना नाही. नाणेअभ्यासक परमेश्वरीलाल गुप्त यांनी 1970 मध्ये महाराष्ट्रात सापडलेल्या नाण्यांच्या ठेवींवर पुस्तक काढलं, त्यात नाणी सापडलेल्या जागेला धरून येतात. 1878 च्या निखात निधी कायद्याखाली आजही नांगराला लागलेल्या मडक्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. पण घरातल्या डब्यातले हाली रुपये ना निधी ठरतात, ना लिलावात येतात. हाली पैसा 1950 च्या दशकात टप्प्याटप्प्याने बाद झाला. बदलून घेता आला तेवढा लोकांनी बदलला, बाकीच्यातून वाळे, तोडे आणि पैंजण घडले.

ते अजूनही घडतं. 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली. लाखाच्या भावाने एका हाली रुपयातल्या 9.14 ग्रॅमची किंमत 914 रुपये होते, आणि घासून झिजलेल्या नाण्याला संग्राहक त्याहून फारसं जास्त देत नाही. केज किंवा अंबाजोगाईच्या सराफाकडे आलेला असा रुपया मुशीत जातो. त्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढायला आणि एका ओळीत साल, अक्षर, वजन आणि गावाचं नाव लिहायला एक मिनिट लागतं. युसूफ वडगावातून मोडीला आलेल्या रुपयाची तेवढी ओळ लिहिणारा एखादा सराफ किंवा शाळामास्तर मिळाला, तर अमेरिकेतल्या तक्त्याला जे जमलं नाही ते त्याच्या वहीला जमेल.