ओढलेले पाणी, ढकललेले पाणी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम टोकाला पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. कुकडी, मीना आणि घोड या नद्या ते पाणी घेऊन पूर्वेकडे धावतात. पण धरणे होण्याआधी दिवाळी सरली की पूर्वेकडच्या गावांत शिवाराची सगळी भिस्त विहिरीवर असे. पाणी खाली आणि पीक वर, हे अंतर माणसाने कसे कापले त्याचा इतिहास पाहिला, तर शाळेच्या पुस्तकातले बल, गती आणि दाब हे तिन्ही धडे त्यात सापडतात.

हा इतिहास जुना आहे. सातवाहनकाळात जुन्नर ही व्यापारी पेठ होती. इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांना हे लेख ‘पोढी’ म्हणतात. नाशिकच्या लेण्यांतल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या लेखात तर ‘ओदयंत्रिक’ अशी एक श्रेणीच येते. पाण्याची यंत्रे करणारे कारागीर, असा तिचा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे पाणी हलवणे हा त्या काळीही स्वतंत्र धंदा होता.

गावगाड्यात या कामाचे मुख्य साधन मोट, म्हणजे पाणी उपसायची कातड्याची मोठी पिशवी. कातडे कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, दोर वळणारा मातंग आणि चाक घडवणारा सुतार एवढ्यांचे हात लागल्याशिवाय ती चालत नसे. मोटेला वर रुंद तोंड आणि खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती नळी असे. तोंडाला जाड नाडा बांधलेला, तो विहिरीवरच्या उंच चाकावरून जाई. सोंडेला बारीक दोर, म्हणजे सोंदूर, तो थारोळ्याच्या (मोटेचे पाणी पडायच्या हौदाच्या) काठावरच्या खालच्या रुळावरून येई. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला जोडलेले.

खरी करामत या दोन दोरांच्या लांबीत होती. विहिरीतून वर येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाच्या उंचीला धरलेली राही. जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला राहते, त्यामुळे सोंडेचे टोक मोटेतल्या पाण्याच्या पातळीखाली येत नाही तोवर थेंबही सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंड खालच्या रुळावरून थारोळ्यात आडवी पसरे, मोट मात्र वरच्या चाकाकडे आणखी चढे. पातळीतला फरक वाढला की पाणी आपोआप भसाभस बाहेर पडे. मोट रिती करायला विहिरीच्या काठावर दुसरा माणूस लागत नसे. मोटकरी बैलांमागे आणि दारे धरणारा वाफ्यात, एवढ्यावर काम भागे.

बैल ज्या वाटेवर चालत ती धाव विहिरीपासून दूर जाताना उताराची केलेली असे. समजा मोटेत 150 लिटर पाणी आहे. त्याचे वजन पेलायला सुमारे 1,470 न्यूटन बल हवे. दोन बैलांचे मिळून वजन 700 किलो आणि उतार दहास एक धरला, तर त्यांच्याच वजनातले सुमारे 680 न्यूटन बल उताराच्या दिशेने ओढायला मिळते. जवळजवळ निम्मे ओझे गुरुत्वाकर्षण उचलते! मोट रिती झाली की बैल त्याच धावेवरून मागे सरकत वर चढत, पण तेव्हा ओझे नसे.

मोटेला खोलीची भीती नव्हती. दोर लांब हवा आणि धावही तेवढीच लांब हवी, बस्स.

मग इंजिने आली. किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथे पुढे पंप बनू लागले. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी उभी राहिली. पंपाने धावेवरच्या बैलांचे कष्ट वाचवले, पण सोबत एक नवी मर्यादा आणली. काठावर ठेवलेला पंप पाणी ओढत नाही. तो नळीतला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. इटलीत सतराव्या शतकात पंपवाल्यांना हीच अडचण आली होती, आणि टॉरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने तिचे कारण दाखवले. समुद्रसपाटीला हवा पाण्याला जास्तीत जास्त 10.3 मीटर चढवू शकते. जुन्नर सुमारे 690 मीटर उंचीवर आहे, तिथे हवाच विरळ, त्यामुळे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. घर्षण आणि गळती धरली तर व्यवहारात सहा-सात मीटरच. म्हणून खोल विहिरींत पंप खाली कठड्यावर उतरवावा लागला, आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की तो वर काढायची धांदल उडू लागली.

विसाव्या शतकातच कुकडी प्रकल्पाने प्रश्नच उलटा केला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी पाणी उंचावरच अडवले, म्हणजे पुढे कालव्याने ते उताराने वाहते. जुने आंबेगाव त्यासाठी डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. धरणाची भिंत तळाशी जाड ठेवतात, कारण पाण्याचा दाब जलाशयाच्या लांबी-रुंदीवर ठरत नाही, खोलीवर ठरतो. 10 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे 10 टन वजनाइतका आणि 20 मीटरवर त्याच्या दुप्पट.

कालवा पोहोचत नाही तिथे आज बोअर आहे. त्यातला पंप तळाशी, पाण्यात बुडलेला असतो आणि खालून पाणी ढकलतो, म्हणून हवेची मर्यादा त्याला लागत नाही. ऊर्जेचा हिशेब मात्र तोच राहतो. कुठलीही गळती किंवा घर्षण न धरता, एका युनिट विजेत 10 मीटरवरून 150 लिटरच्या सुमारे 245 मोटा पाणी वर येऊ शकते. पाणी 100 मीटरवर गेले, तर त्याच युनिटमध्ये फक्त चोवीस मोटा. विहिरीची पातळी ज्या गावात दरवर्षी खाली जाते, तिथे वीज का जास्त लागते हे नववीच्या मुलालाही या दोन आकड्यांवरून सांगता येईल.