मोठ्या माशाचा मानकरी कोण?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून सामान्यतः राजवंशांचा, लढायांचा, संतांचा किंवा राज्यघटनांचा इतिहास सांगितला जातो. त्या मानाने आजचा विषय काहींना हलका वाटेल. पहाटे बंदरातून नाव भाड्याने घ्यावी, दिवसभर खोल समुद्रात एखाद्या प्रचंड माशाचा माग काढावा आणि दिवेलागणीला परत यावे, अशा एका छंदाचा हा इतिहास आहे. परंतु विषय हलका म्हणून त्यातला प्रश्न हलका ठरत नाही. गेली सव्वाशे वर्षे या छंदात एक साधा प्रश्न घोळत आला आहे. मासा धरला कोणी? ज्याच्या हातात काठी होती त्याने, की ज्याने नाव त्या माशापर्यंत नेली त्याने? श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. म्हणूनच ही परक्या किनाऱ्यावरची कथा आपण ऐकण्यासारखी आहे.

पोटासाठी मासेमारी करणे ही मनुष्याची पुरातन वृत्ती होय. तिचा आरंभ सांगता येत नाही. पण समुद्रातल्या मोठ्या माशाशी केवळ हौसेने झुंजण्याच्या प्रथेला जन्मतिथी आहे, आणि ती पुष्कळशी निश्चितही आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे 35 किलोमीटरवर सांता कॅटालिना नावाचे बेट आहे. त्यावरील ॲव्हलॉन या गावी 1886 साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाचे निसर्गअभ्यासक गेले. तेथे आलेले प्रवासी जाड दोऱ्या हातांनी ओढून भराभर मासे काढीत आणि खाऊन उरलेले तसेच टाकून देत. हे पाहून होल्डर यांचे मन विटले. ही मासेमारी नव्हे, ही कत्तल आहे, असे त्यांचे मत झाले. त्यांनी काठी आणि बारीक दोरी यांचा पुरस्कार केला. दोरी बारीक असली की मासा ती तोडू शकतो, आणि त्याला सुटण्याची संधी उरली तरच माणसाच्या यशाला काही अर्थ राहतो, असा त्यामागचा विचार होता.

1 जून 1898 रोजी होल्डर यांनी काठीवर 183 पौंडांचा, म्हणजे सुमारे 83 किलोंचा टूना धरला. टूना म्हणजे आपल्या कोकणच्या कोळ्यांच्या ओळखीच्या कुप्याचा थोरला भाऊ. त्या माशाने कित्येक तास त्यांची नाव समुद्रावर ओढीत नेली. याच महिन्यात ॲव्हलॉन येथे ‘टूना क्लब’ स्थापन झाला. मोठ्या माशासाठीसुद्धा दोरी 24 पदरांहून जाड असू नये, असा दंडक त्याने घातला. समुद्रावरच्या या खेळाला नीतीची पहिली चौकट मिळाली ती येथे.

पण त्या दिवशी नावेत होल्डर एकटे नव्हते. जिम गार्डनर नावाचा नावाडी त्यांच्याबरोबर होता. टूना कोठे येतो हे त्याला ठाऊक होते, आणि मासा ज्या दिशेने धावेल त्या दिशेला नाव वळवून दोरी वाचविण्याचे काम त्याचे होते. क्लबाच्या इतिहासात विक्रम होल्डर यांच्या नावावर आहे. गार्डनरचे नाव राहिले, ते होल्डर यांनी आपल्या लेखनात त्याचा उल्लेख केला म्हणून.

हा छंद कॅटालिनालाच का रुजला, याचीही कारणे पाहिली पाहिजेत. पहिले कारण भूगोलाचे. हे मोठे मासे खोल, निळ्या पाण्यात फिरतात. ते पाणी किनाऱ्यापासून दोन-चार तासांच्या आत असेल तरच सकाळी निघून सायंकाळी परतता येते. कॅटालिना, क्यूबातील हवाना, पेरूतील काबो ब्लांको या सर्व ठिकाणी खोल पाणी बंदराच्या जवळ येते. उलट आपल्या मुंबईसमोर समुद्रतळाचा उथळ मंच सुमारे 300 किलोमीटरपर्यंत पसरला आहे. तेथून निघालेल्या नावेला खोल पाणी गाठून त्याच दिवशी परतणे शक्य नाही. दुसरे कारण यंत्राचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान नावांवर तेलाची इंजिने बसू लागली आणि नाव वाऱ्याच्या मर्जीतून सुटली. तिसरे कारण समाजाचे. आगगाडीने किनारे जवळ आणले, आणि सुट्टी व पैसा दोन्ही असलेला एक वर्ग अमेरिकेत तयार झाला. या वर्गाकडे वेळ होता, पण समुद्राचे ज्ञान नव्हते. ज्यांच्याकडे ज्ञान होते त्या नावाड्यांकडे पैसा नव्हता. भाड्याची नाव ही या दोघांमधली तडजोड होय.

अशा नावेवरचा एक दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगतो. उजाडण्यापूर्वी नाव निघते. आपले कोळी ज्याला तांडेल म्हणतात तो सुकाणू धरतो. त्याचा मदतनीस आमिष गळावर शिवतो. निळ्या पाण्यात पोहोचल्यावर तीन-चार दोऱ्या मागे सोडून नाव मंद गतीने फिरू लागते. पाहुणा मागच्या बाजूला खुर्चीत बसतो. तांडेलाची नजर मात्र पाण्यावर असते. पक्षी कोठे घिरट्या घालतात, लहान मासे कोठे उसळतात, पाण्याचा रंग कोठे बदलतो, हे तो वाचीत असतो. कित्येक तास काहीच घडत नाही, आणि पुष्कळ दिवस तर सबंध तसेच जातात. मग एकाएकी दोरी खेचली जाते आणि चाक किंचाळू लागते. यानंतरचे बळ पाहुण्याचे, पण कौशल्य बरेचसे तांडेलाचे. मासा दूर गेला तर नाव मागे घ्यायची, खाली बुडाला तर कोन बदलायचा, नावेखाली शिरू लागला तर पुढे काढायची. अखेरीस मासा बाजूला आला की गळाजवळची तार हाताने धरण्याचे काम मदतनिसाचे. सबंध दिवसात सर्वांत धोक्याचा क्षण तोच.

साधनांच्या इतिहासातही हीच जोडी दिसते. आरंभीच्या चाकांना मुठीवर ताबा नव्हता. मासा धावला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटे फोडून काढी. विल्यम बोशेन या मासेमाराच्या कल्पनेतून असे चाक तयार झाले की मासा दोरी ओढीत असला तरी मूठ स्थिर राहावी. दुसरीकडे जॉर्ज फार्न्सवर्थ नावाच्या ॲव्हलॉनच्या तांडेलाने वेगळीच युक्ती काढली. टूना इंजिनाच्या आवाजाला बुजतो हे त्याने हेरले. त्याने दोरीला पतंग बांधला आणि नावेपासून दूर, पाण्याच्या पृष्ठभागावर आमिष नाचते ठेवले. 1913 साली काठीवर पहिला तलवारमासा धरला गेला. त्याचे वजन 355 पौंड होते. तो बोशेन यांच्या नावावर नोंदला आहे. नाव चालवीत होता फार्न्सवर्थ.

पुढे या छंदाला अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्यासारखा लेखक लाभला. 1934 साली त्यांनी ‘पिलार’ नावाची 38 फूट लांबीची नाव बांधून घेतली. त्या काळी बहामातील बिमिनी बेटाजवळ टूना गळाला लागे, पण वर येईतो शार्क त्याचे लचके तोडीत. 1935 साली हेमिंग्वे यांनी तेथे अखंड टूना वर काढून दाखविले. मार्लिन या भाल्यासारख्या चोचीच्या माशाची विद्या मात्र ते क्यूबाच्या कोळ्यांकडून शिकले. कार्लोस गुतिएरेझ नावाचा अनुभवी कोळी त्यांचा गुरू आणि ‘पिलार’वरचा पहिला सहकारी होता.

1939 साली न्यूयॉर्क येथील निसर्गेतिहास संग्रहालयात या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मायकेल लर्नर हे तिचे प्रमुख प्रवर्तक, आणि हेमिंग्वे पुढे तिचे उपाध्यक्ष झाले. संघटनेने जगभरच्या विक्रमांना एकच मोजमाप दिले. मासा लागल्यापासून तार हाती येईपर्यंत काठीला किंवा दोरीला दुसऱ्या कोणी स्पर्श केला तर विक्रम बाद. शार्कने मासा फाडला तर विक्रम बाद. काठी आणि चाक यांवाचून, नुसत्या हातदोरीने धरला तर विक्रम नाहीच. नियम चोख होते आणि ते आवश्यकही होते, कारण त्यांवाचून श्रीमंत पाहुणा चार गड्यांचे बळ विकत घेऊन फुशारकी मारता. पण त्याच नियमांनी एक गोष्ट नकळत ठरवून टाकली. बळ मोजले गेले, ज्ञान मोजले गेले नाही. 4 ऑगस्ट 1953 रोजी काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी 1,560 पौंडांचा, म्हणजे सुमारे 708 किलोंचा काळा मार्लिन धरला. तो विक्रम आजही अबाधित आहे. नोंदीत वजन आहे, तारीख आहे, मासेमाराचे नाव आहे. नाव त्या माशापर्यंत कोणी नेली, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

आता यातील विलक्षण गोष्ट सांगतो. 1936 साली हेमिंग्वे यांनी एका मासिकात लिहिलेल्या लेखात कार्लोसकडून ऐकलेली एक हकिगत आहे. एक म्हातारा कोळी एकटाच लहान होडीत होता. त्याने हातदोरीने प्रचंड मार्लिन धरला, माशाने त्याला दूर समुद्रात ओढून नेले, आणि परतताना शार्कनी तो मासा खाऊन टाकला. हीच हकिगत 1952 साली ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरीच्या रूपाने जगापुढे आली. 1954 साली हेमिंग्वे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी 1965 साली तिला ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणले, आणि तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. त्या म्हाताऱ्याची दोरी हातातली होती आणि त्याचा मासा शार्कनी फाडलेला होता. म्हणजे ज्या संघटनेचे हेमिंग्वे उपाध्यक्ष होते, तिच्याच नियमांनी तो मासा बाद ठरतो. तरीही विक्रमवीरांची नावे जाणकारांपुरती उरली आणि तो बाद ठरलेला कोळी जगाच्या स्मरणात राहिला. त्याचे कारण उघड आहे. त्याच्या होडीत तांडेल, मदतनीस आणि मासेमार एकच होता. ज्ञान त्याचे, बळ त्याचे, आणि हानीही त्याचीच. श्रेयाची वाटणी करण्याची वेळच त्याच्यावर आली नाही.

माशाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. काबो ब्लांकोचे वैभव फार काळ टिकले नाही. मोठा मासा लहान माशांवर जगतो, आणि पेरूच्या किनाऱ्यावर खत व पशुखाद्यासाठी त्या लहान माशांची लूट चालू होती. 1970 साली एका वर्षात 1 कोटी टनांहून अधिक मासळी काढली गेली. 1972 साली समुद्राचे पाणी उबदार झाले आणि तो सारा व्यवसाय कोसळला. येथे मोठ्या माशाचा अन्नसाठा काठीने संपविला नाही, जाळ्याने संपविला, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पण काठीवाल्यांनाही आपल्या मर्यादांचा विचार करावा लागला. 1954 साली अमेरिकेतील वुड्स होल येथील शास्त्रज्ञ फ्रँक मॅथर यांनी एक उपक्रम सुरू केला. मासेमारांनी धरलेल्या माशाला खुणेची पट्टी लावून पुन्हा सोडावे, म्हणजे त्याचा प्रवास कळेल. 1988 पासून अमेरिकेत अटलांटिकमधील मार्लिन विकण्यास बंदी आहे. आज तेथील बहुतेक मासेमार मार्लिन नावेजवळ आणतात आणि सोडून देतात. होल्डर यांनी माशाला सुटण्याची संधी देऊ केली होती. या प्रथेने ती संधी हक्कापर्यंत नेली.

येथे इतिहास आपल्याला काही शिकवितो. खेळातील न्याय प्रथम मासेमारांनी एकमेकांसाठी मागितला. नंतर तो माशाला मिळाला. तांडेलाच्या वाट्याला तो अद्याप पुरता आलेला नाही. हा क्रम केवळ समुद्रावरचा नाही. आपल्या गावात एखादे धरण होते, देऊळ होते, शाळा उभी राहते. कोनशिलेवर देणगीदाराचे नाव येते, उद्‌घाटकाचे येते. पाणी कोठे लागेल हे सांगणारा आणि दगड घडविणारा त्या शिळेवर नसतो. देणगीदाराचे नाव पुसावे असे माझे म्हणणे नाही, त्याचाही भाग असतोच. शिळेवर आणखी एका ओळीला जागा असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

दिवस संपला की ती भाड्याची नाव बंदराला लागते. पाहुणा उतरतो आणि आपल्या मार्गाने जातो. तांडेल मागे राहतो. तो नाव धुतो, दोऱ्या वाळवितो, दुसऱ्या दिवसाचे आमिष बर्फात ठेवतो. पहाटे त्याला पुन्हा निघायचे असते, दुसऱ्या कोणाला तरी मोठा मासा दाखवायला.