नरसोबाच्या वाडीचा पूर व आमचीं दप्तरें

कृष्णा-पंचगंगा संगमावरील नरसोबाच्या वाडीस पूर ही आपत्ति खरी, पण अनपेक्षित नव्हे. पाणी चढूं लागलें कीं उत्सवमूर्ति वरच्या अंगास नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात. पादुका जागींच राहतात. पाणी उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारें बाहेर पडलें म्हणजे भाविक तेथें स्नानास जमतात. काय हलवावयाचें व काय बुडूं द्यावयाचें हें तेथें आधींच ठरलेलें असतें. केवळ भोळेपणा म्हणून या आचाराची बोळवण करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

जवळच्या सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी फुटांत मोजतात. ४५ फूट ही धोक्याची रेषा. २००५ सालीं तें ५३ फुटांवर व २०१९ सालीं ५७ फुटांवर गेलें. या दुसऱ्या पुरांत तेथील नगरवाचनालयाचे जुने ग्रंथ भिजून गेले. मूर्तीस जो नियम, तो पोथ्यांस कोणी लावला नव्हता!

ज्यांचीं दप्तरें नदीकांठीं तळमजल्यावर आहेत, त्यांनीं तीं आषाढापूर्वीं माळ्यावर न्यावीं. तीं हलवितांना पाणी अमुक पायरीस लागल्याची नोंद एखाद्या रुमालांत आढळल्यास तिची नक्कल मितीसह आम्हांकडे धाडावी. हा पूल १९२९ सालचा. त्यापूर्वींच्या पुरांची उंची अशा पायऱ्यांवरूनच काढावी लागेल.