विजेचं लाक्षागृह

कूलॉमचा नियम बारावीला सगळ्यांनी घोकलेला असतो: दोन विद्युतभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, वगैरे. १७८५ साली ज्या पिळाच्या तराजूवर हा नियम तपासला गेला त्याची आकृतीही पुस्तकात असते. त्यातली आडवी टांगलेली काडी कशाची होती, हे मात्र कुणी सांगत नाही. कूलॉमनं ते बारकाईनं लिहून ठेवलंय. रेशमाचा धागा किंवा गवताची काडी ‘स्पॅनिश मेणा’नं माखून कडक केलेली, आणि तिच्या टोकाला १८ लाइन लांबीचा, म्हणजे चारेक सेंटिमीटरचा, लाखेचा दांडा. भार घेणारी गोळी त्या दांड्याच्या टोकावर.

लाख म्हणजे तीच आपली लाख. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसाच्या फांद्यांवर किडे जिचा थर चढवतात, जिच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा जातीवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिलं, आणि पोस्टाच्या विमा पार्सलावर जिची मोहोर उठवतात, ती. उच्च दाबाच्या विजेला आवर घालणाऱ्या पदार्थांचं शास्त्र आज केवढं पसरलंय. त्याच्या मूळ पुरुषाचा शोध घेतला तर तो या किड्याच्या घरी निघतो, असं माझं ठाम मत आहे.

मला हा धागा सापडला जरीपटक्यात. नागपुरात एप्रिल-मे म्हणजे कूलरच्या मोटरी जळण्याचा हंगाम. रिवाइंडिंगच्या दुकानांसमोर उघड्या पोटाच्या मोटरींची रांग लागलेली असते. एका दुकानात मिस्त्री स्टेटरच्या खाचांत लेदरॉइडचा कागद बसवत होता, त्यात एनॅमल तारेची वेटोळी दाबत होता, खाचेचं तोंड बांबूच्या काडीनं बंद करत होता. मग सगळ्यावर वार्निश. मी सहज विचारलं, एवढं वार्निश कशाला ओतता? तो म्हणाला, ‘‘भाऊ, तांबं तर कोनीही गुंडाळते. मोटर टिकते ते वार्निशवर. आमचे उस्ताद तर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावत होते.’’ चपडा म्हणजे लाख शुद्ध करून पातळ पापुद्र्यांत ओढलेली. सुतार पॉलिशला वापरतात तीच. सुताराचं पॉलिश मोटरीच्या पोटात काय करतं, या प्रश्नानं मी मागे मागे जात राहिलो, तो कूलॉमच्या पॅरिसला पोचलो.

आता मूळ वाद. लाख विजेच्या प्रयोगशाळेत शिरली कुठल्या दारानं? याची दोन उत्तरं देता येतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं रंगाऱ्याचं. युरोपनं लाख मागवली ती मोठ्या प्रमाणात तांबड्या रंगासाठी. काडीवरची कच्ची लाख धुतली की पाण्यात लाल रंग उतरतो, खाली राळ उरते. १८५६ साली पर्किननं पहिला कृत्रिम रंग केला आणि पुढे त्याच्या भाईबंदांनी लाखेच्या रंगाचा धंदा बसवला, तेव्हा कुठे राळेला खरी किंमत आली. पण कूलॉम १७८५ चा. राळ तोवर दुय्यम माल होती असं धरलं, तर तिनं भौतिकशास्त्रात एवढं मानाचं पान आधीच कसं पटकावलं?

दुसरं उत्तर उपकरणं बनवणाऱ्यांचं. लंडन-पॅरिसचे कारागीर पितळेवर लाखेचं पातळ वार्निश देत, काचेच्या दांड्यांनाही देत. हा पक्ष तगडा आहे, आणि पुढे मलाच त्याची मदत घ्यावी लागणार आहे. पण वार्निशचा थर कागदाहून पातळ. तो घासून काही ओढलं जातंय का हे पाहायची बुद्धी कुणाला आणि का व्हावी?

माझं उत्तर तिसरं: लाख विजेकडे आली ती कारकुनाच्या मेजावरून. कूलॉमचं ‘स्पॅनिश मेण’ धड स्पॅनिशही नाही आणि मेणही नाही. ते पत्रावर मोहोर उठवायचं द्रव्य. त्यात लाख, टर्पेंटाइन आणि तांबडा हिंगूळ. पूर्वी युरोपात मोहोर मधमाशीच्या मेणाची असे. सोळाव्या शतकात पूर्वेचा माल जहाजांनी यायला लागला तशी लाखेनं ती जागा घेतली. आता गंमत पाहा. ही लाख बाजारात येते ती तयार कांडीच्या रूपात. लोकरीच्या बाहीवर घासायला सोयीची, हातात धरायला सोयीची, आणि शेजारी कागदाचे कपटे पडलेलेच. विल्यम गिल्बर्टनं १६०० साली ‘दे माग्नेते’त घासल्यावर हलक्या वस्तू ओढणाऱ्या पदार्थांची यादी दिली, अंबर, गंधक, काच यांच्याबरोबर त्यात मोहोरेची कडक लाखही आहे. कारागिरांच्या पक्षाला एवढं जुनं काही दाखवता येईल असं मला वाटत नाही.

यादीतून ती पुढे थेट नामकरणात गेली. १७३३ साली द्यू फे यानं विजेचे दोन प्रकार सांगितले. एक काचेची वीज, दुसरी राळेची. राळेच्या विजेची उदाहरणं म्हणून त्यानं अंबर, कोपल, रेशीम, कागद यांच्या पंगतीत लाख बसवली. पुढे फ्रँकलिनच्या पद्धतीत काचेची बाजू धन ठरली आणि राळेची ऋण. दीडशे वर्षांनी इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा त्याच्या कपाळी ऋण चिन्ह आलं ते याच वाटणीतून.

कूलॉमच्या हातातला दांडा नेमका कुठल्या रानातला? त्या काळी युरोपची लाख दोन वाटांनी जायची: ब्रह्मदेशातल्या पेगूहून आणि बंगालच्या बंदरांतून. पेगूवाले आपलं घोडं पुढे दामटतील, दामटू देत. बंगालच्या बंदरांत माल उतरायचा तो छोटा नागपूर आणि छत्तीसगडच्या रानांतून. फ्रेंचांची स्वतःची वखार चंद्रनगरला होती. आणि १७८५ साली छत्तीसगड कुणाकडे होतं? नागपूरकर भोसल्यांकडे. तेव्हा पॅरिसला तोलल्या गेलेल्या त्या विजेखाली भोसल्यांच्या मुलखातली लाख होती, असा माझा तर्क आहे. कागदाचा पुरावा मागू नका. भूगोल माझ्या बाजूनं आहे.

लाखच का, काच का नाही? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या उच्च दाबाच्या शास्त्राचं मर्म इथे आहे. काच स्वतः उत्तम रोधक. पण हवेत जरा दमटपणा असला की तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि भार त्या थरावरून पळून जातो. वीज काचेतून जात नाही, काचेवरून जाते. कूलॉमनं हा गळतीचा प्रश्न नुसता पाहिला नाही, मोजला. त्याच्या मापनात लाखेचा धागा तेवढ्याच लांबीच्या कोरड्या रेशमी धाग्याहून दहापट सरस ठरला. लाख पाण्याला अंगाला लागू देत नाही. देईल कशी? किड्यानं ती फांदीवर आपल्या मऊ अंगाभोवती कवच म्हणूनच केलेली असते. म्हणून जुन्या विद्युतयंत्रांच्या काचेच्या खांबांना लाखेचा हात द्यायची रीत पडली. कारागिरांचा पक्ष तो हाच. त्यांनी लाख शोधली नाही. पण चांगल्या रोधकावर पाणी झटकणारी कातडी चढवायची युक्ती त्यांची, हे मान्य करायला हवं.

यानंतर मायकेल फॅरडे. १८३७ साली त्यानं दोन जुळी उपकरणं केली: साडेतीन इंचांच्या पोकळ पितळी गोलात सव्वादोन इंचांचा भरीव दिसणारा गोळा, मध्ये अर्ध्या इंचाहून थोडं जास्त अंतर. आतला गोळा टांगला लाखेच्या दांडीवर. काचेवर त्याचा भरवसा नव्हता. मग एका उपकरणातल्या पोकळीच्या खालच्या अर्ध्यात त्यानं लाखेची वाटी बसवली आणि दुसऱ्यात नुसती हवा ठेवली. हवेच्या उपकरणाला भार देऊन तो लाखेच्या उपकरणाशी वाटून घेतला. वाटणी सारखी व्हायला हवी होती. लाखेनं जास्त घेतला. म्हणजे रोधक हा नुसता मुका पहारेकरी नाही, विजेच्या व्यवहारात त्याचाही वाटा असतो. हवेला १ धरून लाखेचा आकडा त्यानं काढला तो २ च्या आसपास. आजच्या मापनात तो ३ च्या जवळ येतो. गंधक आणि काचेचेही आकडे काढले. हेन्री कॅव्हेंडिशनं हे काम साठेक वर्षं आधीच करून ठेवलं होतं, आणि त्याच्याही तक्त्यात लाख आहे. पण त्या एकलकोंड्या माणसानं कागद पेटीत ठेवले ते मॅक्सवेलनं १८७९ साली छापले. धारकतेचं एकक आज फॅरडेच्या नावानं चालतं. त्यातला ‘लाखेचा वाटा’ मात्र कुणी मोजत नाही.

माझ्या सिद्धांताला खरा अपशकुन झाला तो आपल्याच देशात. विल्यम ओशॉनेसीनं १८५१ च्या सुमारास कलकत्ता ते डायमंड हार्बर तारायंत्राची लाइन टाकली. तिचा काही भाग जमिनीखालून गेला. लोखंडी सळ्यांना डांबरात बुडवलेलं मद्रासी कापड गुंडाळून त्या विटकरी पन्हाळीत ठेवल्या आणि वर वितळलेली राळ व वाळू ओतली. लाखेच्या माहेरघरी बसून गड्यानं लाख वापरली नाही! माझ्या मते कारण सरळ आहे: लाख महाग, आणि जाड थरात ठिसूळ. ती नाजूक कामाची. मैलोन्‌मैल तारेला आधी डांबर-राळ पुरली, मग गटापर्चा हा मलायातल्या झाडाचा चीक आला, खांबांवर चिनी मातीचे इन्सुलेटर आले. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, तिथे पाहावं.

लाखेचे सुगीचे दिवस आले ते मोटर-जनित्रांबरोबर. १८९० च्या दशकात अमेरिकेत अभ्रकाचे पापुद्रे लाखेनं चिकटवून, दाबून, तापवून पत्रे करायची युक्ती निघाली. तिचं नाव मिकानाइट. अभ्रकाला ताप सोसतो पण आकार देता येत नाही. लाखेला आकार देता येतो पण ताप सोसत नाही. दोघांचं लग्न लागलं आणि डीसी मोटरच्या कम्युटेटरच्या पट्ट्यांमध्ये ते जोडपं नांदू लागलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टवर धावली. त्या काळच्या रेल्वे मोटरींत हाच संसार असे. कोडरम्याचा अभ्रक आणि छोटा नागपूरची लाख विलायतेला जायची आणि मोटर होऊन परत यायची.

मग बेकेलाइट. लिओ बेकेलंड कशाच्या मागे होता? लाखेच्या नकलेच्या. विजेचा धंदा वाढला, किडे तेवढेच राहिले, भाव चढले. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून लाखेसारखं वार्निश करता येईल का, इथून त्याची सुरुवात; १९०७ साली पेटंटचा अर्ज, १९०९ मध्ये जाहीर घोषणा. त्यामुळे बेकेलाइट ही लाखेची सवत नाही, लेक आहे. प्लॅस्टिकचे इतिहास १९०७ पासून सुरू होतात, तेव्हा मला राग येतो तो यासाठी.

शिवाय या लेकीत आईचा एक गुण उतरला नाही. पृष्ठभागावर ठिणगी पडली की बेकेलाइट जळून कोळसा होतं, आणि कोळसा वीज वाहतो. त्याच रेघेवरून पुढची ठिणगी, मग आणखी. जुन्या काळ्या स्विचच्या पोटात दोन पितळी टोकांमध्ये अशी जळकी रेघ पाहिलेला वायरमन गावोगाव भेटेल. लाख ठिणगीखाली वितळते, सरकते, पण सहसा वाहक कोळशाची वाट मागे ठेवत नाही. महाभारतातलं लाक्षागृह जाळण्यासाठी बांधलं होतं. विजेच्या घरात मात्र तीच लाख वाट न देणारी ठरली.

जरीपटक्याच्या उत्तरेला, कोराडीचं औष्णिक केंद्र १९७४ पासून आहे. अशा केंद्रांच्या आसपास तारा पेलणाऱ्या इन्सुलेटरच्या चिनी मातीच्या डिस्कवर राख बसते. कोरडी असताना ती निरुपद्रवी. हिवाळ्यातल्या पहाटे दव पडलं की राखेतले क्षार ओले होतात आणि डिस्कवरून वीज झेप घेते. दुखणं कूलॉमच्या काचेचंच. उपाय म्हणून वीज कंपन्या इन्सुलेटर धुतात, किंवा चिनी मातीवर सिलिकॉन रबराचा लेप देतात. लेपाचं काम तेच: पाणी पसरू न देणं, थेंब थेंब सुटा ठेवणं. पण सिलिकॉन एक पाऊल पुढे गेलंय. त्यातला तेलकट अंश वर बसलेल्या राखेतही झिरपतो आणि त्या राखेलाच पाणी झटकायला शिकवतो. लाखेला हे कधी जमलं नसतं. उन्हाळ्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या विदर्भात खांबावर चढवायची तिची लायकीही नाही. ७५-८० अंशांना ती वितळते आणि उन्हात त्याआधीच मऊ पडते.

रिवाइंडिंगच्या दुकानांतून चपडा गेला, कारखान्यातलं तयार वार्निश आलं. वीजधंद्यात लाख टिकून होती ती साध्या पिवळ्या बल्बच्या टोपीत. काचेला पितळी किंवा ॲल्युमिनियमची टोपी चिकटवायच्या लुकणात संगमरवराची भुकटी, फिनॉलची राळ आणि लाख अशी आई-लेक एकत्र असत. एलईडी आले आणि तोही बाजार बसला. रांचीजवळच्या नामकुमला १९२४ साली निघालेली लाख संशोधन संस्था आता सबंध दुय्यम शेतीचं काम पाहते. गोंदियाची लाख अजून धुतली जाते, दाणा होते आणि बाहेर जाते. तिचं गिऱ्हाईक तेवढं बदललंय. आता ती ई ९०४ या नावानं औषधाच्या गोळ्यांवर, चॉकलेटवर आणि सफरचंदांवर चढते, चकाकी यावी आणि ओल आत-बाहेर होऊ नये म्हणून.