कुरिअरचे पार्सल हरवले किंवा फुटले तर भरपाई कशी मागावी?

ईदसाठी शिवलेले कपडे, मुलीच्या सासरी पाठवलेली भांडी, कॉलेजला द्यायची कागदपत्रे... आपल्या घरांतून कुरिअरने बरेच काही जाते. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात तर दुकानावर रांग लागते आणि पावती न वाचताच खिशात जाते. नुकसान झाले की सगळा वाद मात्र त्या पावतीवरच येऊन थांबतो.

रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी 2007 चा केंद्रीय कायदा आहे. घरपोच सेवा देणारी कुरिअर एजन्सीही त्यात मोडते. बुकिंगच्या वेळी मालाची जास्त किंमत नोंदवलेली नसेल, तर 2011 च्या नियमांप्रमाणे कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. म्हणजे 80 रुपये भाडे देऊन 6,000 रुपयांचे कपडे पाठवले आणि ते गहाळ झाले, तर या हिशेबाने 800 रुपयेच मिळतील. पावतीवर किमतीचा रकाना असतो. आपण तो कोरा सोडतो, नाहीतर काउंटरवरचा मुलगा स्वतःच 100 लिहून मोकळा होतो. खरी किंमत लिहून घ्या, त्यासाठी जादा पैसे पडले तरी द्या आणि मालाचे बिल जपून ठेवा.

"बारीक अक्षरातले कोण वाचतो?" हा बचाव चालेलच असे नाही. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सही केलेल्या पावतीवरची 100 डॉलरची मर्यादा मान्य केली होती.

पार्सल ओले, दबलेले किंवा टेप उघडलेले दिसले तर आधी फोटो काढा, मगच ओटीपी द्या. डिलिव्हरी शीटवर सही मागितली तर सहीशेजारी "खोका फुटलेला मिळाला" असे लिहा. खोका उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ घ्या. खोका आणि आतले पॅकिंग लगेच भंगारात टाकू नका. ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसते पण हातात काहीच नाही, असे झाले तर आधी वॉचमन आणि शेजाऱ्यांकडे विचारा. तिथे नसेल तर कुणाच्या सहीने, किती वाजता दिले याचा पुरावा कंपनीकडे मागा.

फोनवर कितीही भांडलो तरी नोंद राहत नाही. त्याच दिवशी ईमेल करा. कोर्टात जायचे झाले तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिलेली असावी लागते; ती स्पीड पोस्टने पाठवून पोच ठेवावी. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी मात्र आपल्यावर नाही, असे हाच कायदा सांगतो.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मुदत दोन वर्षांची. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ऑनलाइन मागवलेली वस्तू फुटकी आली तर कुरिअरवाल्याशी वाद घालू नका, पैसे विक्रेत्याकडून मागा.

मूळ गुणपत्रिकेचे दुखणे वेगळे. तिची किंमत रकान्यात काय लिहिणार? दहावी-बारावीची दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून मिळते, पण तोवर प्रवेशाची तारीख निघून जाऊ शकते. शक्यतो घरातल्या कुणी हातोहात नेऊन द्यावी. पाठवावीच लागली तर आधी स्कॅन करून ठेवा.

पार्सल अडकले की आपण घाईने गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि ठग नेमके तिथेच बसलेले असतात. "पुन्हा डिलिव्हरीसाठी 5 रुपये भरा" म्हणून लिंक येते आणि खाते रिकामे होते. नंबर पावतीवरचाच वापरा. पैसे गेलेच तर बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब कळवा.